अवकाशात आवाज नसतो

मंडळी, हजरतगंजच्या सायबर कॅफेतून लिहितोय. या ग्रुपशिवाय हे सांगणार तरी कोणाला? कॉलेज अर्धवट सोडल्यापासून घरी माझं कोणी नीट ऐकून घेत नाही.

आमच्या तेलीबाग मोहल्ल्यातली मेधा आज गेली. तिचे बाबा फौजेत, पोस्टिंग जोधपूरला. सामानाचा ट्रक आधीच निघाला होता. मी तिला माझं बॅटरीवालं खेळण्यातलं अवकाशयान द्यायला गेलो. देताना मनातलं सांगूनच टाकायचं, असं ठरवलं होतं.

तिने बटण दाबलं. दिवे लागले, पण आवाज आला नाही.

"बिगड़ गया क्या?"

"नाही, स्पीकरची वायर मीच कापली. अवकाशात हवाच नाही, तर आवाज येईल कसा?"

"अरे यार, मुझे तो वही पसंद था. तुमच्या गच्चीवरून तो आवाज आला की कळायचं, तू घरी आहेस."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझं डोकं तापलं. निर्वात पोकळी, ध्वनिलहरी, सगळं तिला ऐकवलं. ती एवढंच म्हणाली, "हाँ, तू ही सही है." तेवढ्यात जीपमधून तिच्या बाबांनी हाक मारली. यान पिशवीत टाकून ती गेली आणि माझं सांगायचं राहूनच गेलं.

वादात माझं काही चुकलं नव्हतं, हे तुम्हीही मान्य कराल. पण खरं सांगा, आवडत्या माणसासमोर मुद्दाम हरायला तुम्ही कसे शिकलात?