लढाईची काजळी

माझी आत्या कुणाच्याही घरात गेली की आधी खिडक्या बघते. पडदे शिवणं हा तिचा धंदा, त्यामुळे त्यात कुणाला वावगं वाटत नाही. गळ्यात मापाची टेप, ओठांत टाचण्या आणि टाचण्यांच्या फटीतून अखंड बडबड. पण मापं घेऊन झाली तरी बाई बसत नाही. चहाचा कप हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरते, भिंतीला बोटं लावून बघते आणि "इथे ओल येते वाटतं?" असं विचारून घरमालकिणीचं तोंड उतरवते. स्वतःच्या घरीही तीच तऱ्हा. कपाट आज या भिंतीला, परवा त्या भिंतीला. माझे वडील, म्हणजे तिचे थोरले भाऊ, म्हणतात की हिच्या पायाला भिंगरी आहे. मी म्हणते, भिंगरीबिंगरी काही नाही. तिला कुठलंच घर मानवत नाही, कारण जे तिचं घर होतं तिथे आता तिकीट लागतं.

आणि ते तिकीट द्यायला खिडकीत बसते मी.

किल्ल्यात पूर्वी माणसं राहायची. राजघराण्यातली नव्हेत, साधी. राजे गेल्यावर ओस पडलेल्या दगडी खोल्यांतून त्यांनी बिऱ्हाडं थाटली होती. आत्या तिथे जन्मली, तिथेच मोठी झाली. मग एक दिवस सरकारला किल्ल्याची आठवण झाली. तो वारसा ठरला आणि आतल्या बिऱ्हाडांना रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतींमध्ये हलवलं. वडिलांनी घरातला नळ बघितला आणि पुन्हा म्हणून किल्ल्याचं नाव काढलं नाही. आत्या मात्र दर आठवड्याला खिडकीसमोर हजर.

"माझ्या घरात जायला मी तिकीट काढू?"

"आत्या, मागे रांग आहे."

"असू दे की. त्यांचं घर नाही ना आत."

रांगेतले लोक हसतात, माझ्या डोक्यात सणक जाते आणि शेवटी पदरचे पैसे घालून मीच तिचं तिकीट फाडते. ते ती घेत नाही. तशीच आत जाते.

आत भोंगा असतो. भोंगा म्हणजे आमचा गाईड. त्याचा आवाज असा की तटावरची कबुतरंही उडून जातात. सगळा किल्ला दाखवून झाला की लोकांना तो शेवटी दरवाज्याजवळच्या कमानीच्या खोलीत नेतो आणि एकदम आवाज खाली आणतो. "आता सगळ्यांनी वर बघा." छत काळंकुट्ट. "शेवटच्या वेढ्यात शत्रूने इथलं दारूगोळ्याचं कोठार पेटवलं. रात्रंदिवस आग धुमसत होती. ही काजळी त्या आगीची. आणि भिंतीवर तो पांढरा चौकोन दिसतोय? तिथे सेनापतीची ढाल टांगलेली होती."

लोक गप्प होतात. कुणी टोपी काढतो. कुणी भिंतीला हात लावून बोटं हुंगतो. एका आडदांड गृहस्थाला मी तिथे डोळे पुसताना पाहिलंय, आणि बाहेर पार्किंगवरून त्यानेच सगळ्यांना शिव्या घातल्या होत्या. गेली कित्येक वर्षं हे चाललंय, आणि सुट्टीत मी आत गेले की दर वेळी मागच्या भिंतीशी उभी राहून आत्या माझ्या कानात फुत्कारते, "ढाल कसली डोंबलाची! फळी होती. आईचे डबे असायचे तिच्यावर."

त्या खोलीत माझी आजी छापखान्यातल्या कामगारांसाठी खानावळ चालवायची. छत तिच्या चुलीने काळं केलं. बस, एवढीच गोष्ट. आत्याने ती भोंग्याला ऐकवली, पहारेकऱ्याला ऐकवली, ज्यांच्याकडे पडदे लावायला जाते त्या सगळ्यांना ऐकवली. भोंगा हात जोडून म्हणायचा, "आत्याबाई, माझ्या आधीच्या गाईडने मला जे शिकवलं ते मी बोलतो." आत्याचा तिळपापड व्हायचा. "माझी आई त्या धुरात खोकून खोकून मेली," ती घरी येऊन म्हणायची, "आणि श्रेय कुठल्या शत्रूला!"

तिला दुसरं काही नको होतं. चार माणसांनी त्या छताकडे बघावं आणि ते आईचं आहे हे त्यांना कळावं, एवढंच.

मग पुरातत्त्व खात्याच्या नव्या मॅडम आल्या. चांगल्या होत्या, उगाच खोटं कशाला बोलू. पायात साधे बूट, खांद्याला पिशवी, आणि भिंतीला कान लावून उभ्या राहायच्या, जणू भिंत काही सांगणार आहे. त्यांनी ठरवलं की किल्ल्यात जे मूळचं आहे तेवढंच ठेवायचं आणि नंतर चढलेलं सगळं उतरवायचं. रंग, गिलावा, खिळे, सगळं. कार्यालयात त्यांचं बोलणं माझ्या कानावर पडलं. कमानीच्या खोलीतली काजळी वेढ्याची असेल तर तिला हात लावायचा नाही. नंतरची असेल तर धुऊन काढायची. आणि त्यासाठी त्या जुन्या बिऱ्हाडकरूंना भेटणार होत्या.

मी धावतपळत आत्याकडे गेले. ती एकटीच कपाट ओढत होती.

"मॅडम येतील. तू तोंडाला कुलूप लाव."

"म्हणजे?"

"म्हणजे चूल नाही, खानावळ नाही. आम्ही आलो तेव्हा छत काळंच होतं, एवढं म्हणायचं. वेढा तर वेढा! निदान राहील तरी."

आत्याने कपाट अर्ध्यात सोडलं. पुढचे काही दिवस तिने एकही पडदा सरळ शिवला नाही. एका घरी तर पडद्याचे दोन्ही भाग डाव्याच बाजूचे शिवून दिले. सकाळी मला म्हणायची, "खोटंच सांगते." दुपारी फोन करायची, "आईला काय वाटेल गं?" मी वैतागून म्हणायचे, "आजीला आता काहीही वाटत नाही." बोलून जायचे आणि मग माझंच मन मला खायचं.

मॅडम आल्या तेव्हा मी मुद्दाम तिथे होते. आत्याने त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः उभीच राहिली. मॅडमनी इकडचं तिकडचं काही काढलं नाही.

"मावशी, तुमचे लोक त्या खोलीत राहायला आले तेव्हा छत काळं होतं का?"

मी आत्याकडे डोळे वटारून पाहिलं. आत्या खिडकीबाहेर बघत होती. तिचा हात टेपशी चाळा करत होता.

"पांढरं होतं," ती म्हणाली. "चुना लावलेला होता, आईच सांगायची. काळं तिने केलं."

मग जी सुटली ती थांबेचना. आई कुठे बसायची, धूर कुठल्या कोपऱ्यात कोंडायचा, पावसाळ्यात लाकडं कुठे वाळत घालायची, सगळं. मॅडम मनापासून ऐकत होत्या. जाताना त्यांनी आत्याचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांची पाठ वळल्याबरोबर मी आत्यावर तुटून पडले.

"गप्प बसायला काय झालं होतं तुला?"

"अगं, ती विचारत होती," आत्या म्हणाली. "आजवर मी सांगत सुटले होते, विचारलं कुणी होतं?"

मी मॅडमसाठी मांडलेली खुर्ची उचलून जागेवर ठेवली.

खोलीत परांची लागली, दाराला दोरी बांधली गेली. दोरी सुटली त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी आत्याला घेऊन आत गेले. छत लख्ख. दगड इतका गोरा असेल असं कुणाला वाटलंही नसतं. फळीचा चौकोन गेला. एका कोपऱ्यात मात्र टॉवेलाएवढा काळा तुकडा ठेवला होता आणि खाली पाटी होती: 'नंतरच्या काळातील रहिवाशांच्या वापराचा नमुना.'

आत्याने पाटी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"बरोबरच आहे," ती म्हणाली. "खोटं काही नाही लिहिलेलं." आणि तिने चष्मा पुन्हा पुसायला काढला.

तेवढ्यात लोक आले. एक जोडपं तिच्यासमोरूनच गेलं. बायको म्हणाली, "एवढा कोपरा पुसायचा राहिला वाटतं." नवरा म्हणाला, "कंत्राटदार पळाला असेल." मागचे तर थांबलेही नाहीत. भोंगा सगळ्यांना खोलीतून सरळ दरवाज्याबाहेरच्या तोफेकडे घेऊन गेला. एक घोळका गेला, दुसरा गेला. आत्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत होती आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती. कुणीही मान वर केली नाही. मला त्या लोकांचा इतका राग आला की एकेकाचं तिकीट परत घ्यावंसं वाटलं.

तिसऱ्या घोळक्याच्या वेळी आत्याने भोंग्याची बाही धरली.

"तुझी लढाई सांग."

"काय?"

"वेढा, कोठार, आग. सगळं सांग."

भोंग्याचा आवाज पहिल्यांदाच बसलेला ऐकला मी. "आत्याबाई, पाटी लागलीय. नोकरी जाईल माझी."

"पाटीचं मी बघते," आत्या म्हणाली आणि पाटीला पाठ लावून उभी राहिली.

भोंग्याने माझ्याकडे पाहिलं. मी खात्याची नोकर. मी नको म्हणायला हवं होतं. मी दाराबाहेर बघत राहिले.

"सगळ्यांनी वर बघा," भोंगा म्हणाला. "त्या कोपऱ्यात. शेवटच्या वेढ्यात शत्रूने इथे आग लावली…"

माना वर झाल्या. सगळ्यांच्या. एका माणसाने नकळत डोक्यावरची टोपी काढली. आत्याशेजारी एक वयस्कर बाई उभी होती, तिने छातीवर हात ठेवला.

"रात्रंदिवस जळत होतं म्हणे. बाई गं!"

"हो तर," आत्या वर बघत म्हणाली. "विझू द्यायची नाही ती."

"कोण?"

"माझी आई. रात्रपाळीची माणसं पहाटे जेवायला यायची ना."