सगळ्यांचे पाय त्याच्याच मांडीवर

बाकावरच्या रोग्यासमोर तो जमिनीवर बसायचा, आपल्याच मांडीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "हंयसर ठेव आणि गप रव." वयस्कर माणूस असला तर "ठेवा" आणि "रवा", एवढाच फरक. रोगी पाय ठेवायचा आणि गप्पही राहायचा. माझ्यासमोर तोच रोगी बोंब मारायचा.

मालवणातल्या एका दवाखान्यात आम्ही दोघे मलमपट्टी करायला होतो. वय सारखं, मॅट्रिकला गुण माझे जास्त. पण तुम्ही तेव्हा त्या पडवीत येऊन बसला असता, तर तुम्हीही पाय त्याच्याकडेच केला असता. म्हाताऱ्या बायका मला पावलाला हात लावू देत नसत. परक्याच्या पोराच्या मांडीवर पाय ठेवायचा म्हणजे त्यांना पाप वाटायचं. त्याने यावर तोड काढली होती. तो आधी वाकून पावलांवर डोकं टेकायचा, आजी तोंडभर आशीर्वाद द्यायची, आणि तिचं बोलणं संपायच्या आत हा टाच उचलून बघायला लागलेला असायचा. वर म्हणायचा, "नमस्कार केलंय, आता पाय माझो." मीही एकदा तसं करून पाहिलं. आजीने मला पैसे हवेत का, असं विचारलं.

एका लग्नात नवरदेवाला नवा बूट चावतोय, हे त्याने नवरदेवाच्या आधी ओळखलं आणि मांडवाच्या दारातच बसून बुटात कापूस घातला. वरपक्षाने त्याला पहिल्या पंगतीला बसवलं. मी त्याच पंगतीत सोलकढी वाढत होतो.

त्या वर्षी आमच्या डॉक्टरांना कळलं की दक्षिणेतल्या एका मोठ्या इस्पितळात फक्त पायांच्या उपचारांचं शिक्षण सुरू झालं आहे. जखमा, वाकडी बोटं, बधिर झालेली पावलं, सगळं शिकवणार, पुढे नोकरीही देणार. आमच्या बाजूचा एकच उमेदवार घेणार होते. अर्ज इंग्रजीत, 'पायच का?' यावर निबंध, आणि तिथले एक मोठे डॉक्टर स्वतः येऊन प्रत्येकाने बरा केलेला एक पाय बघणार. मला ती जागा हवी होती. जन्मभर दुसऱ्याच्या दवाखान्यात बँडेज गुंडाळत बसायचं नव्हतं.

मी पायातली हाडं इंग्रजीत पाठ केली. विहिरीवर, वाटेने, जेवताना तीच पुटपुटायचो. निबंध शब्दकोश घेऊन लिहिला. त्याची शाळा मुंबईत मामाकडे झालेली. त्याने आपला निबंध एका बैठकीत संपवला, मग माझा ओढून घेतला आणि त्यातल्या चुका सुधारल्या. आपल्याला मदत करणाऱ्या माणसावर रागावणं अवघड असतं म्हणतात. मला ते सहज जमलं.

दाखवायला म्हणून मी किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणारा एक माणूस धरला होता. खडकावरच्या कालवाच्या धारदार शिंपीने त्याचं पाऊल फाटलं होतं. त्याची पट्टी मी दुसऱ्या कोणाला सोडू देत नसे. माझ्या जोडीदाराला, तू कोणाचा पाय धरलायस, असं विचारलं की तो नजर चुकवून म्हणायचा, "कळात मगे."

मोठे डॉक्टर आले. माझा माणूस बघून "छान" म्हणाले. हाडंही मी न अडखळता म्हटली. मग त्याच्या रोग्याला बोलावलं. छत्री दाराशी ठेवून, लुगड्याचा काठ वर धरून माझी आई आत आली. माझ्याकडे न बघता बाकावर बसली आणि टाच त्याच्या मांडीवर ठेवली.

टाचेत जुनी जखम होती, साखरेच्या आजारामुळे भरत नसलेली. का लंगडतेस विचारलं की मला ती वात सांगायची. दुपारी देवळात जाते म्हणून आई निघायची, ती त्याच्या घरी. जखमेवर भार पडू नये म्हणून त्याने चांभाराकडून तिच्या चपलेला टाचेखाली भोक पाडून घेतलं होतं. आता तिथे नवी, गुलाबी कातडी आली होती. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं, आणि जागा त्याची झाली. पाय माझ्या आईचा, आणि शिकायला जाणार तो! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नंतर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकीन शपथ घातलेली. माझो इलाज नाय." घरी विचारलं तर आई बांगडे साफ करत राहिली.

तो निघाला तेव्हा आम्ही बंदरावर गेलो. माझा थोरला भाऊ तिथूनच मुंबईला गेला, परदेशी जहाजावर लागला आणि परत आलाच नाही. तेव्हापासून आई बंदराकडे फिरकत नसे. त्या दिवशी आली. तो तिच्या पाया पडला, टाचेवरून एकदा अंगठा फिरवला आणि होडीत चढला. होडी आगबोटीला लागेपर्यंत तो हात हलवत होता. मी हलवला नाही. पुढे तो तिकडचाच झाला, मालवणात पुन्हा दिसला नाही.

परतताना आई वाळूतून माझ्यापुढे चालत होती, भराभर, न लंगडता. पोटचा पोरगा घरात असताना टाच त्याला का दाखवलीस, असं मी पुन्हा विचारलं. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"तुका दाखवली असती, तर आज त्या होडयेत तू असतंस."