नोंकल बीटचा हात

फिर्मिनला कुणी पाचवं बोट काढायला सांगितलं की तो चिडायचा. चित्रकथेतल्या माणसाला चारच बोटं असतात, आणि केम्पेनच्या रेताड माळावरच्या त्या पार्कात तो बत्तीस वर्षं चित्रकथेतलीच माणसं रंगवत होता. मुलांचा सगळा कोपरा नोंकल बीटचा. नोंकल म्हणजे काका. बीटासारख्या लाल नाकाचा हा काका तिथल्या तीन पिढ्यांनी शनिवारच्या पेपरात वाचलेला. त्याची किटली आकाशात उडते, म्हणून तिथल्या गोल फिरणाऱ्या पाळण्यालाही बसायला किटल्याच. रांगेच्या तोंडाशी लाकडी नोंकल एक हात आडवा धरून उभा. ज्या पोराचं डोकं त्या हाताला खालून टेकेल, त्यानं बसायचं. एक मीटर दहा. नाही टेकलं तर पुढच्या वर्षी ये.

किटल्या आलिदा चालवायची. पोराचं डोकं पहिल्यांदा हाताला टेकलं की ती पितळी घंटा वाजवायची आणि रांग टाळ्या पिटायची. आसपासच्या गावांतली पोरं शाळेत मिरवायची, माझी घंटा झाली म्हणून. पण आलिदा मोठी खट. आधी तळहातानं केस दाबायची आणि म्हणायची, "नोंकलला डोकं दाखव, केस नको."

दुपारी ती फिर्मिनच्या शेडमध्ये कॉफीला यायची.

"काय रे, आज तरी पाचवं बोट?"

"तुझं एक कापून दे, लावतो."

वीस वर्षं हाच विनोद, आणि वीस वर्षं दोघं हसायचे.

मग नोंकलचा जुना चित्रकार वारला आणि नवा आला. नव्यानं नोंकलचं डोकं मोठं केलं, लहान मुलांना आवडतं म्हणून. प्रकाशकांकडून नवा तक्ता आला: नोंकलची उंची तीन डोक्यांची, त्यात केसाचाही फरक नको. ती माणसं पट्टी घेऊन तपासायला येतात, आणि फिर्मिनच्या कामात त्यांना कधी काही सापडलं नव्हतं. त्या हिवाळ्यात त्यानं जुन्याच उंचीची नवी फळी कापली आणि तक्त्याबरहुकूम चित्र काढलं. डोकं वाढलं, तसे खांदे खाली आले. खांद्यांबरोबर हातही आला. चार सेंटिमीटर. तपासणाऱ्यांनी त्याची पाठ थोपटली. चित्र अगदी बरोबर होतं. तो हात मापही आहे, हे बत्तीस वर्षं चित्रात बुडालेल्या माणसाच्या ध्यानीमनीही आलं नाही.

मे महिन्यातल्या एका बुधवारी दुपारी, शाळा लवकर सुटते त्या दिवशी, फीन नावाची सहा वर्षांची मुलगी आली. एक मीटर सात. डोक्यावर छोटासा अंबाडा. घंटा वाजली, रांगेनं टाळ्या पिटल्या. तिसऱ्या फेरीला ती किटलीच्या आडव्या दांड्याखालून घसरली आणि फरसबंदीवर पडली. दवाखान्यात न्यायचीही गरज उरली नाही.

"टेकलं होतं रे," संध्याकाळी आलिदा शेडमध्ये बसून तेच तेच म्हणत होती. "मी अंबाडा दाबला. डोकं टेकलं होतं."

ती गेल्यावर फिर्मिननं टेप काढून नोंकलचा हात मोजला. एक मीटर सहा.

पोलिसांनी पट्टी पाळण्याभोवती बांधली होती. नोंकल पट्टीच्या बाहेर राहिला होता. सकाळी अपघाताचे तपासनीस यायच्या आत फिर्मिननं त्याच्या पायाखाली चार सेंटिमीटरची फळी ठोकली आणि गवताच्या हिरव्या रंगात रंगवून टाकली. दुसरं पोर पडू नये म्हणून हे केलं, असं त्यानं मनाला सांगितलं. थापा. तो घाबरला होता.

तपासनिसांनी मोजलं: एक मीटर दहा, बिनचूक. मुलगी एक मीटर सात. मग डोकं टेकलं कसं? अंबाडा टेकला, असं कागदावर आलं; बाईनं केस दाबले नाहीत. आलिदाला सहा महिन्यांची शिक्षा झाली. ती स्थगित ठेवली म्हणून तुरुंग टळला, पण गावानं काही स्थगित ठेवलं नाही. बेकरीत ती शिरली की बोलणी थांबायची. फिर्मिन साक्षीला गेला तेव्हा त्याला एवढंच विचारलं, हात तूच रंगवलास का. तो हो म्हणाला.

खाई त्याला खवखवे. दर वर्षी मृतांच्या सणाला तो आलिदाला गाडीत घालून फीनच्या कबरीवर न्यायचा. ती शेवंतीची कुंडी ठेवायची, तो टोपी काढून उभा राहायचा. अशी नऊ वर्षं गेली. दहाव्या वर्षी डॉक्टरांनी त्याच्या फुप्फुसात काहीतरी दाखवलं, आणि कबरीजवळच्या बाकावर बसल्या बसल्या त्यानं सगळं सांगून टाकलं. तक्ता, डोकं, खांदे, हिरवी फळी.

आलिदानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू असलं काहीतरी बोलशील, हे मला ठाऊकच होतं."

"आलिदा, मी खरं सांगतोय."

"कुठंय तो नोंकल?"

"पार्कानं दुसऱ्याच वर्षी जाळला. फळीसकट."

"बघ." ती किंचित हसली. "नऊ वर्षं मला इथं आणतोस. आता मरता मरता माझं पापही डोक्यावर घेतोस?"

"तू अंबाडा दाबला होतास. त्या संध्याकाळी तूच सांगितलंस मला."

"तेव्हा मी घाबरले होते रे. खोटं बोलले." तिनं कुंडीतलं एक सुकलं पान खुडलं. "आता मला स्पष्ट आठवतं. मी दाबलाच नाही. लाल रिबन होती, हात लावला तर सुटेल असं वाटलं मला."

फीनच्या केसांना रिबन नव्हती. त्या दुपारचा तिचा फोटो सगळ्या पेपरांत आला होता. फिर्मिननं बोलायला तोंड उघडलं, पण खोकल्याची उबळ आली, आणि ती थांबेपर्यंत आलिदा त्याची पाठ चोळत राहिली.

"तुझ्यासारखा मित्र मिळायला नशीब लागतं," ती म्हणाली. "चल, थंडी पडली."