आक्काचा झाला भाई

माझ्या पहिल्या सिनेमातला चौदा वर्षांचा मुलगा म्हणजे मी. त्यातला भाई म्हणजे कोपरीची आक्का, आणि त्या मुलाचा सरळमार्गी, अबोल बाप म्हणजे माझी आई. सिनेमा बघून आलेल्यांना हे सांगितलं की ते आधी हसतात आणि मग विचारतात, "खरंच?" खरंच.

पहिल्या खर्ड्यात सगळ्या बायकाच होत्या. निर्मात्याने पूर्ण ऐकून घेतलं. माणूस चांगला होता. म्हणाला, "मॅडम, स्टोरी एक नंबर आहे. पण गँगस्टर बाई? आणि तिच्यामागे फिरणारी शाळकरी पोरगी? लोक म्हणतील, काहीतरी सामाजिक आहे, आणि घरीच बसतील. बाईचा भाई करा, पोरीचा पोरगा करा. बघा, लगेच उभा राहतो सिनेमा."

मी भांडले, आणि मग केला बदल. मला सिनेमा करायचा होता. मोठ्या माणसांच्या सायकलवर कैची मारूनच सगळे शिकतात. आपल्या मापाची मिळेपर्यंत थांबलेला तसाच चालत राहतो.

तर आता खरं काय झालेलं ते.

आम्ही ठाण्याच्या कोपरीत एका चाळीत राहायचो. बाबा बाहेरगावी कंपनीत होते, महिन्यातून एखादी चक्कर व्हायची. आई एका प्रसूतिगृहात नर्स. आईचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही. रांग मोडून कुणी पुढे घुसलं तर ती त्याला म्हणायची, "तुम्हाला घाई आहे का? मग जा पुढे." टोमणा नाही, खरोखरच विचारायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्या वयात सभ्यपणा कुठला आणि भित्रेपणा कुठला, हे मला वेगळं काढता येत नव्हतं.

आक्का म्हणजे अगदी दुसरं टोक. स्टेशनच्या पूर्वेला गल्लीत फेरीवाल्यांची लांबलचक ओळ बसायची. भाजीवाले, गजरेवाल्या, कंगवे-पिना विकणारे. सगळे त्याला 'लाइन' म्हणायचे आणि लाइन आक्काची होती. कुणी कुठे बसायचं, कुणी कुणाच्या समोर तेच फळ विकायचं नाही, हे ती ठरवायची. मूळची जुन्नरकडची. नवरा वारल्यावर लिंबू-मिरची घेऊन बसली. हप्ता मागायला आलेल्या एका दादाने तिची टोपली लाथाडली, तेव्हा तिने शेजारच्याच्या तराजूतलं लोखंडी वजन उचलून त्याचं मनगट मोडलं. त्यानंतर हप्ता बंद नाही झाला. तो तिच्याकडे जायला लागला. दोन धिप्पाड दीर मागे उभे, दाताला मशेरी, पाय ऐसपैस पसरलेले. अशी बाई मी तोवर पाहिली नव्हती.

तिची माझी ओळख माझ्या आवाजामुळे झाली. शाळेतून येताना एक माणूस मुद्दाम अंगाला घासून जायचा. एका दुपारी मी भर गल्लीत त्याच्यावर अशी ओरडले की तराजू थांबले. तो पळाला. आक्का बसल्या जागेवरून म्हणाली, "गळा हाय गं पोरी तुला. कुनाची तू?"

"सिस्टरची," शेजारच्या गजरेवालीने सांगितलं.

"त्या सिस्टरची? तिचा तर मला आवाजच ठावं न्हाय."

मग चाळीतलं पाणी बंद झालं. मालकाला चाळ रिकामी करून इमारत उठवायची होती, म्हणून त्याने नळाची चावी फिरवली. आईने पालिकेत तक्रार केली. ड्यूटी संपली की ती चकरा मारायची, परत येऊन म्हणायची, "होईल. वेळ लागेल." वेळ मला नव्हता. मी सरळ आक्काकडे गेले.

ती दुसऱ्याच दिवशी आली. मालकाच्या दारातल्या पायरीवर बसली आणि मेथीची जुडी सोडून निवडायला लागली. पाण्याचा शब्द नाही. मालक आतबाहेर करत होता, त्याच्या बायकोने चहा आणून ठेवला, आक्काने तो प्यायला आणि दुसरी जुडी सोडली. दिवेलागणीला नळ आला. सगळी चाळ हंडे घेऊन धावली आणि माझी छाती अशी फुगली की विचारू नका.

आई घरी आली. भरलेले हंडे बघितले, कसं झालं ते माझ्याकडून ऐकून घेतलं. रागावली नाही. आमचे हंडे तिने उचलून शेजारणीला दिले आणि म्हणाली, "तक्रारीचा निकाल लागेपर्यंत आपण पलीकडच्या गल्लीतून पाणी आणू."

"अगं पण पाणी तेच आहे!"

"पाणी तेच आहे. नळ उघडणारा बदलला. उद्या तिने बंद केला, तर मी कुणाकडे जाऊ?"

आणि आम्ही खरंच आणलं. दारातला नळ धो धो वाहतोय आणि आम्ही मायलेकी त्याच्यासमोरून बादल्या घेऊन जातोय. लोक हसायचे. मी आईशी बोलणं सोडलेलं. ती मात्र बादली खाली ठेवून हात बदलायची आणि पुन्हा चालायची. पुढे निकाल तिच्या बाजूने लागला, मालकाने लिहून दिलं, तेव्हा तिने आमच्या वाटणीची पहिली बादली त्या नळावर लावली. मालकालाही "नमस्कार" म्हणाली.

त्या मधल्या काळात मी आक्काची झालेले. तिने मला काम दिलं होतं. शाळा सुटली की स्टेशनजवळच्या गाड्यांच्या पुलावर, कठड्याशी उभं राहायचं. अतिक्रमणवाल्यांची गाडी वळणावर दिसली की ओरडायचं, "पाव्हणे आले!" माझा आवाज गेला की अख्खी लाइन गाठोडी बांधून गल्लीबोळांत विरघळायची. गाडी येईपर्यंत तिथे दोन-चार भाजीच्या काड्या आणि एखादी मांजर. मोठमोठी माणसं माझ्या एका हाकेवर उठतात, ही काय ऐट होती! मी आक्कासारखी चालायला लागले, घरी पाय पसरून बसायला लागले. आई एकदा ताट वाढताना म्हणाली, "पाय दुखतायत का? तेल लावू?"

मग लाइनमध्ये एक नवीन बाई आली. खाडीकाठच्या गावातली, गळ्यात क्रूस, टोपलीत सुके बोंबील आणि सुकट. आक्काचा दीर हप्ता मागायला गेला तर म्हणाली, "जागा देवाची हाय, तुझी कवा झाली?" आक्का हसली, पण तिचं ते हसणं मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने मला जवळ बसवलं. "आज गाडी आली की वरडायचं न्हाय. गुपचूप खाली यायचं, थोरल्या दिराला सांगायचं. तो एकेकाला उठवील."

"आणि मासळीवाली?"

"तिला पाव्हण्यांचा पाहुणचार घेऊ दे."

गाडी आली. मी वरून बघत होते. मासळीवाली रस्त्याकडे पाठ करून बोंबील सारखे करत होती, दोन्ही हातांनी, हळूहळू. मला फार विचार करायला लागला नाही. तोंड उघडलं आणि इतकी मोठ्याने ओरडले की खालची कबुतरं उडाली. "पाव्हणे आले! ओ मासळीवाल्या मावशी, पाव्हणे आले!"

सगळ्यात आधी तिचंच गाठोडं बोळात गेलं.

गाडी परत गेल्यावर आक्काने बोलावलं. लाइन पुन्हा बसत होती, पण भाव कुणी पुकारत नव्हतं. सगळ्यांचे कान आमच्याकडे.

"काय सांगितलेलं तुला?"

"ओरडू नको म्हणून."

"मग?"

"ओरडेन तर सगळ्यांसाठी ओरडेन, आक्का. नाहीतर कुणासाठीच नाही."

तिने हात उचलला. मला वाटलं बसली आता. तिने तो हात पदराला पुसला, बाजूला थुंकली आणि म्हणाली, "उद्यापासून येऊ नको. असली मानसं आपल्याला परवडत न्हाईत." मी वळले तेव्हा मागून म्हणाली, "आईवर गेलीस."

मी रडत घरी गेले. मला ती शिवी वाटलेली. आज मला त्या पोरीचा अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. ते वाक्य मला आईने शिकवलं नव्हतं, आक्काने तर नाहीच. ते माझं होतं. सिनेमात मुलगा तेच वाक्य म्हणतो. तिथे निर्मात्याला मी एक अक्षर बदलू दिलं नाही.

बाकी मात्र बरंच बदललं. कोपरीची गल्ली शूटिंगसाठी रिकामी होणं शक्य नव्हतं, म्हणून लाइन आम्ही शहाडला एका बंद गोदामाच्या मागे उभी केली. निर्माता म्हणाला, "एक तरी मर्डर पाहिजे." दिला. खडवलीच्या नदीकाठी भाईला गोळी लागते आणि तो पाण्यात पडतो. तो नट घसरून खरोखरच पडला आणि तोच टेक आम्ही ठेवला.

आणि एक प्रसंग मी मनाने लिहिला. मी पुलावर उभी राहत होते त्या दिवसांत आई एकदा आक्काला भेटायला गेलेली. गजरेवालीने मला सांगितलेलं. काय बोलणं झालं, ते दोघींपैकी कुणी कधी सांगितलं नाही. सिनेमात बाप भाईच्या अड्ड्यावर जातो आणि मुलाला परत मागतो. पल्लेदार भाषण लिहिलं मी. माझ्या मते उत्तम लिहिलं.

ठाण्याच्या थिएटरात पहिला खेळ लागला तेव्हा मी दोघींना बोलावलं. आई निवृत्त झालेली. आक्काचे गुडघे गेलेले, हातात काठी. लाइन कधीच सुटली, आता सुनेबरोबर पोळी-भाजीचं छोटं दुकान चालवते, रीतसर गाळ्यात. दोघी शेजारी बसल्या, मी मागच्या रांगेत. सिनेमा पुढे चालला होता, पण मी या दोघींनाच ऐकत होते.

"हा मी का?" आक्काने पडद्याकडे काठी केली.

"हो, आक्का," आई म्हणाली.

"मिशा बऱ्या हायेत."

थोड्या वेळाने पडद्यावरचा बाप अंधारात एकटाच रडतो. आई मागे वळली. "मी कधी रडले गं?"

मग अड्ड्याचा प्रसंग आला. बाप भाईसमोर उभा राहिला, भाषण सुरू झालं, संपलं, थिएटरात टाळ्या पडल्या, कुणीतरी शिट्टी मारली. आणि माझ्यासमोर या दोघी तोंडाला पदर लावून हसत होत्या. आईचे खांदे गदगदत होते. आईला असं हसताना मी क्वचित पाहिलंय.

सिनेमा सुटल्यावर बाहेर चहा घेताना मी दोघींना धरलंच. "मग खरं काय बोललात?"

आईने मान हलवली. "काही नाही गं."

"काय न्हाय कशाला? सांगते मी," आक्का म्हणाली. "ही आली. डोईवर पदर. मला वाटलं, आता शिव्या घालणार. तर म्हणे, 'तिला उजव्या कानानं कमी ऐकू येतं. तिकडून गाडी आली तर कळत नाही. हाक मारायची तर डावीकडून मारा, आणि तिला कठड्याला लागून उभी करा.' बस. एवढंच. म्या म्हटलं, सिस्टर, मग घिऊन जा ना पोरीला. तर म्हणे, 'आज ओढून नेली तर उद्या चोरून येईल. तिचं तिला कळेल. तोवर कानाकडे लक्ष ठेवा.'"

मी चहाचा ग्लास खाली ठेवला. लहानपणी माझा उजवा कान फुटलेला, त्या बाजूने आजही मला अर्धवटच ऐकू येतं. ते घराबाहेर कुणाला माहीत नाही असं मी धरून चालले होते. आणि मग आठवलं: पुलावर आक्काचा धाकटा दीर कायम माझ्या उजव्या हाताला, रस्त्याच्या बाजूला उभा असायचा. मला त्याचा राग यायचा. वाटायचं, माझ्यावर पाळत ठेवायला ठेवलाय.

"आणि चहा पण न्हाय घेतला हिनं," आक्का म्हणाली. "इतक्या वर्षांत विसरले न्हाय मी."

"मशेरीच्या हाताने करत होतात तुम्ही," आई म्हणाली, तिच्या त्याच आवाजात.

माझं भाषण वाईट होतं असं मी म्हणणार नाही. शिट्ट्या त्यालाच पडल्या. पण असं बोलणं मला सुचलं नसतं. ते ऐकायलाच लागतं.

दोघींनी निकालही तिथेच दिला. आक्काचं म्हणणं, तिला बाईच ठेवायला हवी होती, आणि तो खून काढायचा. "मनगट मोडलं ते दाखव की. मेले कुटं मी?" आईचं म्हणणं, तिच्या तोंडी इतकं बोलणं घालायचं नाही.

सिनेमा काही आठवडे चालला, निर्माता खूश झाला. आता आई दर गुरुवारी रक्तदाब मोजायचं मशीन घेऊन आक्काच्या दुकानात जाते. आक्काचा दाब वर असतो आणि ती लोणचं सोडत नाही. आई शांतपणे बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवते. आक्का गिऱ्हाइकांसमोर तिच्या नावाने ओरडते, आणि आई गेली की सुनेला बरणी काढायला सांगते. सून काढून देत नाही.