चोवीस सेल आणि एक कडी

हे मी घरी कधी बोललो नाही. बायकोजवळ नाही, अब्बांजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगतोय — की ओळखता? सेल घ्यायला कधी माझ्या दुकानात आला असाल का? असाल तर असू द्या.

चंद्रपुरात आमचं घड्याळं आणि टॉर्च दुरुस्तीचं दुकान आहे. सेल म्हटलं की सलीम, असं माझं नाव झालेलं. त्या नावावरच वाघांची मोजणी करणाऱ्या एका लहानशा पथकाने मला कामावर घेतलं. जंगलात झाडांना कॅमेरे बांधलेले असतात, समोरून काही गेलं की आपोआप फोटो निघतो. एकेका कॅमेऱ्यात आठ सेल, पुन्हा पुन्हा चार्ज होणारे. ते निवडायचे, चार्ज करायचे, पंधरा दिवसांनी बदलायचे, एवढंच माझं काम होतं.

वाट दाखवायला चामोर्शीकडचा वारलू आमच्याबरोबर असे. ढिवर माणूस. जंगलातल्या तलावात तो आणि त्याचा धाकटा भाऊ परशा मिळून जाळं टाकत. वारलू फार कमी बोलायचा. आणि गप्प माणसाचा मला भरवसा वाटत नाही — दुकानात बसून बसून लागलेली ही खोड आहे. गिऱ्हाईक नुसतं उभं राहिलं, तरी माझी नजर काचेच्या कपाटाकडे जाते.

त्या उन्हाळ्यात तलावावर तीन कॅमेरे लावायचे ठरले. पाणी तिथेच उरलं होतं, म्हणजे वाघ तिथेच येणार. आमच्या जुन्या सेलांवर ताकदीचा, म्हणजे किती चार्ज मावतो त्याचा, दोन हजारचा आकडा होता. मी बाजारातून सत्तावीसशेचे आणले. आकडा मोठा, म्हणजे सेल दमदार, असं पथकाच्या मॅडमना छातीठोकपणे सांगितलं. मोठ्या आकड्याचे सेल पुष्कळदा नुसते ठेवले तरी उतरत जातात, उन्हाच्या तावात तर झपाट्याने — हे मी ऐकलं नव्हतं का? ऐकलं होतं. पण आकड्याला भुललो.

अजून सांगतो. नवे पाच कमी पडले, तर त्यांत मी जुने घुसडले. आठांचा संच मोडायचा नाही, त्यावर मार्करने खूण करायची, हा नियम सगळ्यांना शिकवणारा मीच. वर ईदला घरी जायचं होतं, म्हणून आठवडाभर आधीच सगळे चार्ज करून पथकाच्या मुक्कामावरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवून दिले. चार्जरचा हिरवा दिवा लागला होता ना? पण आमच्या स्वस्त चार्जरचा तो दिवा सेल भरला म्हणून लागत नव्हता, ठरलेले तास संपले म्हणून लागायचा. हेही मला ठाऊक होतं.

पंधरा दिवसांनी गेलो, तर तलावावरचे तिन्ही कॅमेरे बंद. चौथ्या दिवसानंतर एक फोटो नाही. बाकीच्या जंगलात जुन्या सेलांवरचे सगळे चालू.

माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? सेल नाही. वारलू. तेंदूपत्ता तोडायला गाव जंगलात शिरतं ते दिवस होते, आपला फोटो निघावा असं कोणाला वाटतं? तलावावर रोज कोण जातं? कॅमेऱ्याची कडी आधी दाबून मग ओढावी लागते, ही मेख गावात कोणाला माहीत? मी त्याच्या हातांकडे बघत राहिलो. त्याने मला पाण्याची बाटली दिली, तर आज एवढी आपुलकी कशाला, असं वाटलं.

मॅडमनी विचारलं, "सेल तर नीट होते ना?"

मी म्हणालो — सेल भरलेले होते. कडी उघडी होती.

उघडी नव्हती. तिन्ही कड्या मी माझ्या हाताने उघडल्या होत्या. एकीवर तर कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं, ते मी नखाने फोडलं. कोणाचा हात लागला असता तर ते घर राहिलं असतं का? तेव्हाही मनात आलं, मातीसुद्धा यानेच थापली असेल. एवढा मी संशयाने आंधळा झालो होतो — की आंधळं राहणं सोयीचं होतं?

मॅडमनी वारलूला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. त्याने गळ्यातला दुपट्टा डोक्याला बांधला आणि तो चालू लागला.

पुढच्या आठवड्यात मी तसाच एक संच चार्ज करून पत्र्याच्या खोलीत ठेवला. काही दिवसांनी मीटर लावला. सगळे उतरलेले, त्यातला एक तर पार मेलेला. आठांतला एक बसला की कॅमेरा बसतो. मी मीटर बंद केला. बाजारातून लहान आकड्याचे सेल आणले, कॅमेरे लावायच्या आदल्या दिवशी चार्ज केले, आणि तलावावर सगळं सुरळीत झालं. मॅडम म्हणाल्या, बघा, तो माणूस गेल्यापासून काही त्रास नाही. मी मान डोलावली.

दोन महिन्यांनी, भर दुपारी, वारलू माझ्या दुकानात आला. पायरीवर गप्प उभा. काम परत मागायला आला असेल असं मला वाटलं.

"सलीमभाऊ, एक विचारू का जी? कडी खरंच उघडी होती का?"

"काऊन?"

"मी त हात नाई लावलो. मंग परश्याच राहीन. कडी कशी उघडाची ते त्यालेच मी दाखवलो होतो. विचारलो, त नाई म्हणते. मले वाटते खोटं बोलून राह्यला. तवापासून संग जाळं नाई टाकलो आमी." तो पुढे म्हणाला, "तुमी आपल्या डोळ्यानं पाह्यले ना?"

त्याला 'नाही' ऐकायचं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. तेवढ्यासाठी तो बस धरून आला होता. दोन गिऱ्हाईकं शेजारी उभी होती, कुठले सेल घ्यावेत ते मला विचारायला आलेली.

मी म्हणालो, "हो. उघडी होती."

वारलूने मान हलवली. "माफ करजा भाऊ," तो म्हणाला. "मी त तुमच्यावरच शक घेतलो होतो."

तो गेला. मी गिऱ्हाइकांना सेल दाखवले, लहान आकड्याचे, बरोबर तेच दाखवले. दोघे भाऊ आता तलावाच्या दोन टोकांना बसतात, एकमेकांशी बोलत नाहीत, असं ऐकतो. चामोर्शीची बस रोज माझ्या दुकानावरून जाते. मी अजून गेलेलो नाही.