महिनाभर पुढची तारीख

आमच्या नात्यात आजही सांगतात की माझी नात महिनाभर आधी जन्मली आणि त्याला कारण तिच्या आईची नोकरी. यातलं काहीच खरं नाही. नात वेळेवरच आली. महिना मी वाढवला होता.

आम्ही पिढ्यानपिढ्या बेंगळुरातले. घरात मराठी बोलतो, पण तिच्यात कानडी भरपूर. बाळंतपणाची खरी तारीख घराबाहेर सांगायची नाही, ही आमच्यातली जुनी रीत. कुणी विचारलं तर पुढचा महिना सांगायचा. दृष्ट लागत नाही आणि शेवटच्या दिवसांत लोक ‘झाली का, झाली का’ म्हणून जीवही खात नाहीत. माझ्या आईनं माझ्या बायकोच्या वेळी हेच केलं होतं. त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही.

मुलीच्या पहिल्या वेळी खरी तारीख काढतानाच गोंधळ झाला. मुलगी तेव्हा येलहंक्याला राहायची; तिथल्या डॉक्टरीणबाईंनी शेवटच्या पाळीवरून हिशेब केला. बायकोनं घरी बोटांच्या पेरांवर नऊ महिने नऊ दिवस मोजले, तर उत्तर जवळपास तेच आलं. त्याचा तिला दोन दिवस आनंद पुरला. पण मुलीची पाळी कधीच नियमित नव्हती. स्कॅन झाल्यावर बाई म्हणाल्या, गर्भ त्या मानानं लहान आहे, तारीख थोडी पुढे धरू. सुरुवातीचा स्कॅन जास्त भरवशाचा असतो, तरी हाही अंदाजच. आठवडाभर इकडेतिकडे होणारच.

त्याच संध्याकाळी नाशिकहून विहीणबाईंचा फोन आला. “भाऊ, कधीची दिली हो तारीख?”

मी सवयीनं पुढचा महिना सांगितला.

जावई शेजारीच बसले होते. फोन ठेवल्यावर हसले. “बाबा, एका अर्थी बरंच झालं. आईला खरी डेट कळली असती तर ती आजच बॅग भरायला बसली असती.”

मुलगी हसली नाही. “अण्णा, मला हे आवडलं नाही,” म्हणाली.

“स्वल्प दिवसांचा तर प्रश्न आहे. बाळ झालं की सांगू,” मी म्हटलं.

बाळ डॉक्टरांच्या तारखेच्या दोन दिवस आधी झालं. विहीणबाई मिळेल ते विमान पकडून दुसऱ्या दिवशी थेट दवाखान्यात आल्या. वाटेत देवीला नवसही बोलल्या होत्या. नातीला हातात घेऊन म्हणाल्या, “अपुऱ्या दिवसांत एवढं बाळसं? पुरे भरले असते तर हत्तीचं पिल्लूच झालं असतं.” सगळे हसले. मग त्या खाली बसल्या आणि रडायला लागल्या. सुनेजवळ आपण नव्हतो, याचं त्यांना फार लागलं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. आज त्या थकल्यात, उद्या सांगू, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, “मी सांगत नव्हते? त्या कॅबमधून रोज व्हाइटफील्डच्या ऑफिसपर्यंत हेलपाटे नकोत म्हणून. पोटातल्या जिवाला सोसतं का ते?” त्या मायेनंच बोलत होत्या. मुलगी खाली मान घालून ऐकत राहिली.

पुढे तेच चालू राहिलं. नातीला सर्दी झाली, अपुऱ्या दिवसांची आहे. जेवत नाही, अपुऱ्या दिवसांची आहे. पोहायला घालू नका, तिला झेपायचं नाही. मुलगी मला एक-दोनदा म्हणाली, “अण्णा, तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर सुनेनं फसवलं असं होईल.” मी “सरी, बरं, सांगतो” म्हणायचो. जावईही आईला सांगत नव्हते. त्या फोननंतर हसून तेही सामील झाले होते.

गेल्या वर्षी मुलीला पुन्हा दिवस गेले. आता ती व्हाइटफील्डलाच राहते, त्यामुळे दवाखाना नवा आणि डॉक्टरही नव्या. जावयांना मीटिंग होती म्हणून मी सोबत गेलो. विहीणबाई तेव्हा इथंच होत्या, त्याही आल्या. डॉक्टरांनी स्कॅन पाहून तारीख काढली आणि हिंदीत विचारलं, “पहिलं बाळ वेळेवर झालं होतं ना?”

मुलगी तोंड उघडायच्या आत विहीणबाई बोलल्या, “छे हो. महिनाभर आधी. ऑफिसच्या धावपळीनं.”

डॉक्टर लिहिता लिहिता थांबल्या. “मग या वेळी जपावं लागेल. जास्त तपासण्या करू, कदाचित औषधंही द्यावी लागतील. कामाचंही बघावं लागेल.”

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. नंतर डॉक्टरांना फोन करून तिनं स्वतः खरं सांगितलं असतं, हे मला ठाऊक आहे. आणि घरी सासूचं बोलणं पुन्हा मुकाट ऐकून घेतलं असतं.

“डॉक्टर, पहिलं बाळ पूर्ण दिवसांचं होतं,” मी म्हणालो. “महिना मी वाढवून सांगितला होता. यांनासुद्धा.”

“नक्की? यावर औषधं ठरतात.”

“नक्की.” मुलीनंही मान हलवली. डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं.

बाहेर आम्ही लिफ्टजवळ आलो. विहीणबाई म्हणाल्या, “दृष्ट लागू नये म्हणून का?”

“हो. आमच्यात तशी रीत आहे.”

“म्हणजे माझी लागली असती.”

“नाही ताई. तसं मनातही नव्हतं.”

“नव्हतंच. मी तुमच्या मनातच नव्हते, भाऊ. ती कळा देत होती आणि मी तिकडे पापड वाळत घालत होते.”

त्या मुलीकडे वळल्या. “आणि तू इतकी वर्षं ऐकून घेतलंस?”

“काय करणार, आई.”

“भांडायचंस की. मी एवढी भांडकुदळ, माझ्याशी भांडायला कसली लाज? कॅबवरून किती बोलले तुला.”

“खूप,” मुलगी म्हणाली. ती हसली आणि तिचे डोळेही भरून आले. विहीणबाईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं, जरा जोरातच.

डॉक्टरांनी आत तारीख इंग्रजीत सांगितली होती, ती विहीणबाईंना कळली नव्हती. या वेळची तारीख त्यांनी मला विचारली नाही, मुलीला विचारली. मुलीनं सांगितली, आणि आठवडाभर इकडेतिकडे होईल हेही सांगितलं. मी गोळ्यांची पिशवी धरून बाजूला उभा होतो.

विहीणबाई माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “कुठं खुर्ची मिळते का बघा. केव्हाची उभी आहे ती.”

मी खुर्ची आणायला गेलो.