माळावरची पहिली पट्टी

गाव सोडायच्या सकाळी माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, भीमाकाठच्या मळ्यातल्या वांग्यांना पाणी दिलं. सासूबाई म्हणाल्या, "अवं, समदं धरणातच जाणार हाय की."

"ते पुढं. आज त्यास्नी तहान लागलीय," मामा म्हणाले आणि वाफ्यांची दारं मोडत राहिले.

वन्सं, तुम्ही सासरी काठावरच राहिलात. आम्ही वैरागच्या बाजूला माळावर आलो. गावात वाडे, इथं प्लॉट. आमच्या बोलण्यात 'पुनर्वसन' हा शब्द भाजीभाकरीसारखा रुळला. जमीन मात्र रुळेना. नांगर टेकवला की मुरूम खणखणायचा. पहिल्या साली बाजरी गुडघ्यापर्यंतही आली नाही. मामा सोलापूरला गिरणीत जायचं बोलू लागले. मळ्याबाहेर ते कसे दिसतील, मला कळेना.

त्याच उन्हाळ्यात धुरपाबाई नावाची धनगरीण मेंढरं घेऊन आली. रानात कळप बसवू का, म्हणाली.

"मेंढराचा दात लागला की परत उगवत न्हाय," मामांनी तोडून टाकलं.

"एका जागी ऱ्हायलं तर न्हाय उगवत," ती शांतपणे म्हणाली. "माझी मेंढरं रोज पुढं सरकत्यात. एक पट्टी देऊन तर बघा."

मी मध्ये बोलले. सासऱ्यांपुढं पहिल्यांदाच. "मामा, तसंबी तितं काय उगवतंय?"

मामा हसले. "घे म्हणावं पट्टी."

धुरपाबाई रोज जाळ्याचं कुंपण उचलून पुढच्या पट्टीत लावायची. मेंढरं जुनी काटकं खायची, लेंड्या टाकायची, खुरांनी माती उकरायची. नंतर ती पट्टी आम्ही मोकळी सोडायची, कुणाचं जनावर फिरकू द्यायचं नाही. पावसाळ्यात पाणी तिथं वाहून न जाता मुरलं. शेजारच्या उघड्या मुरमाला लागून हिरवी पट्टी लांबून दिसायची. वस्तीतले रहिमानचाचा आपल्या तुकड्यावरून बघायला आले आणि धुरपाबाईला आपल्याही रानात कळप बसवायचं आवतण देऊन गेले.

आम्ही मग स्वतःची दहा मेंढरं घेतली. तिसऱ्या साली मामांनी मला बांधावरून हाक मारली. तळहातावर माती, मातीत वळवळणारं गांडूळ. "सूनबाई, बघ की. हितं राह्यला आलंय."

त्या साली ज्वारी मामांच्या डोक्यावरून गेली. सासूबाईंनी हुरड्याला अख्खी वस्ती बोलावली.

पुढं तुमच्या थोरलीच्या लग्नाला आम्ही काठावर आलो. तुम्ही मामांना पाण्याशी नेलंत, बुडालेला मळा कुठं होता ते दाखवलंत. ते बराच वेळ बघत होते. आम्हाला वाटलं, आता चार दिवस हलणार नाहीत. तुम्ही आग्रहही केलात.

मामांनी पटका नीट केला. "न्हाय बाई. मेंढरं कालपासनं एकाच पट्टीत हायत. घरला जायला पायजे."